‘नवशिक्यांसाठी पूर्ण तयार’ म्हणून विकलेल्या मासेमारीच्या रॉड-रील संचाबद्दल तक्रार (दुसरे पत्र)

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : ७ फुटी स्पिनिंग रॉड (गळाची काठी) व ४००० साइजचे रील (दोरी गुंडाळण्याचे यंत्र) असलेला संच सदोष असल्याबाबत, आपल्या उत्तराला प्रत्युत्तर

महोदय/महोदया,

फेकताना दोरीचा गुंता होतो, या पहिल्या तक्रारीवर आपले उत्तर मिळाले. “पहिल्यांदा गरवणाऱ्यांच्या हातून दोरीचा गुंता होतोच, सरावाने जमेल,” असे त्यात लिहिले आहे. थोडक्यात, ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण ऐकवली. इथे अंगण खरोखरच वाकडे आहे. किती मिलिमीटर वाकडे आहे, तेही मोजले आहे.

खोक्यावर लिहिले आहे : ‘नदी-तलावाच्या काठावरून मासेमारीसाठी. दोरी भरलेली. उघडा आणि फेका.’ रॉडवर छापले आहे : मीडियम, आमिषाचे वजन ५ ते २० ग्रॅम, दोरी ६ ते १२ पौंड. गोड्या पाण्यात काठावरून गरवणाऱ्याच्या पहिल्या रॉडसाठी हे आकडे अगदी योग्य आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण या रॉडबरोबर दिलेले रील आणि रीलवर भरलेली दोरी यांचा या आकड्यांशी काही संबंध दिसत नाही.

आधी दोरी. रीलवरची नायलॉनची दोरी ०.३५ मिलिमीटर जाडीची आहे. एवढ्या जाडीची साधी नायलॉन दोरी साधारण १२ ते १५ पौंडांचा ताण घेते, म्हणजे रॉडवर छापलेल्या मर्यादेच्या टोकाला किंवा पलीकडे. गळ तळाशी दगडात अडकला आणि नवख्या माणसाने जोर लावला, तर दोरीआधी रॉडचे टोक तुटण्याची भीती आहे. शिवाय जाड नायलॉन ताठ असते. स्पूलवरची, म्हणजे रीलच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्यावरची, वेटोळी ते विसरत नाही, आणि ७-८ ग्रॅमचे आमिष त्याला रॉडवरच्या कड्यांतून ओढून नेऊ शकत नाही. या रॉडला साधारण ८ पौंडांची, ०.२५ मिलिमीटरच्या आसपासची दोरी हवी होती.

आता ‘दोरी भरलेली’ या शब्दांकडे येऊ. स्पूलवर आपणच कोरले आहे : ०.३० मिमी / २०० मी. दोरी स्पूलवर किती मावते हे जाडीच्या वर्गावर ठरते, त्यामुळे ०.३५ मिलिमीटरची दोरी २०० × (०.३० ÷ ०.३५)², म्हणजे सुमारे १४७ मीटर मावायला हवी. उलगडून मोजल्यावर निघाली ८० मीटर. दोरीची वरची पातळी स्पूलच्या काठापासून २ ते ३ मिलिमीटर खाली असावी लागते. इथे ती ६ मिलिमीटर खाली आहे. फेकताना प्रत्येक वेढा त्या उंच काठाला घासत बाहेर येतो आणि आमिष मध्येच मरगळून पडते. मग माणूस आणखी जोराने फेकतो, आणि गुंत्याला तिथेच सुरुवात होते. (काठोकाठ भरणे हाही उपाय नाही. तसे केले की एकदम चार-पाच वेढे सुटून रीलजवळच्या पहिल्या कडीत गोळा होतात.)

हीच दोरी कारखान्यात ताण न देता गुंडाळलेली आहे. अंगठ्याने दाबली तर स्पूलवर सरकते. अशा सैल थरांवर पहिल्यांदा खरा ताण आला की वरचा वेढा खालच्यात रुततो, आणि पुढच्या फेकीला दोरी तिथेच अडते. ओल्या फडक्यातून धरून, बोटांच्या चिमटीचा ताण ठेवून गुंडाळली असती तर हे झाले नसते.

रीलचे माप हा दुसरा मुद्दा. ५ ते २० ग्रॅमच्या रॉडला २५०० साइजचे, फार तर ३००० साइजचे रील शोभते. ४००० च्या रीलचा स्पूल मोठा, त्यामुळे त्यावरून सुटणारी वेटोळीही मोठी. ती आवरायला पहिली कडी मोठी आणि रीलपासून पुरेशी लांब असावी लागते. आपल्या रॉडची पहिली कडी २० मिलिमीटरची आहे आणि तिचे पायही आखूड आहेत. लहान कड्या उंच पायांवर बसवून दोरी लवकर आवरण्याची एक रचना असते हे माहीत आहे. ही ती रचना नव्हे. इथे दोरी रॉडच्या दांड्यावर फटफट आपटते, आवाज लांबून ऐकू येतो. त्याच रॉडला २५०० चे रील लावले, ०.२५ ची दोरी नीट भरली आणि तेच १० ग्रॅमचे शिसे फेकले, तर ना आवाज, ना गुंता. फेकणारा हात तोच होता, हे मुद्दाम नोंदवतो.

७ फुटी स्पिनिंग रॉडला टोकाची कडी सोडून साधारण ७ कड्या असतात. आपल्या रॉडला ५ आहेत. रॉड वाकवून पाहिला तर दोरी त्याच्या बाकाबरोबर न जाता कडीपासून कडीपर्यंत सरळ रेघा मारते, आणि सगळा भार त्या मोजक्या जागांवर येतो. टोकाच्या कडीतले सिरॅमिकचे आतले कडे तर नुसते चिकटवलेले होते, ते निखळले. आता दोरी उघड्या धातूवर घासते. बाकीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवल्यावर तिसऱ्या कडीत तंतू अडकले, म्हणजे तिथेही चीर आहे. डोळ्यांना ती दिसत नाही. दोरीला मात्र कापते.

सांधाही सैल आहे. दोन तुकडे पूर्ण आत बसवले तरी वरचा तुकडा फेकताफेकता फिरतो आणि कड्यांची रांग वाकडी होते.

ड्रॅगबद्दल, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोरी सुटू देणाऱ्या रीलमधल्या ब्रेकबद्दल, जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण इथे वस्तूपेक्षा माहितीपत्रकाचा दोष मोठा आहे. खोक्यावर ‘ड्रॅग १२ किलो’ असे ठळक छापले आहे. या रॉडला १२ किलो कुठेच लागणार नाहीत. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग लावायचा असतो : ८ पौंडांची दोरी म्हणजे सुमारे ३.६ किलो, तर ड्रॅग ०.९ ते १.२ किलोवर सुटायला हवा. दोरीचे टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढले की दोन मिनिटांत कळते. आपल्या रीलचा ड्रॅग त्या मापावर लावला, तर सुटायला आधी १.८ किलोचा झटका लागतो आणि सुटल्यावर ओढ ०.९ वर कोसळते. मासा दोरी तोडतो तो नेमका अशा झटक्यात. रील खोक्यात आले तेव्हा ड्रॅगची कळ पूर्ण आवळलेली होती. आतल्या फेल्टच्या चकत्या अशा दाबून ठेवल्या की चपट्या होतात आणि चिकटतात. रील ठेवताना ड्रॅग सैल करायचा, हे पत्रकात एका ओळीनेही सांगितलेले नाही.

पत्रकात काय आहे? ‘मासा लागताच ड्रॅग पूर्ण घट्ट करा.’ आणि त्याखाली : ‘मासा ओढत असला तरी हँडल फिरवत राहा.’ ही दुसरी सूचना तर गुंत्याचे बी आहे. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवले की दोरी आत येत नाही, तिला नुसता पीळ पडतो. आपल्या रीलचे गुणोत्तर ५.२:१ आहे, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला ५ हून अधिक पीळ, २० फेऱ्यांना १०४. पुढच्या फेकीला दोरी स्वतःभोवती वळून गाठी पाडते, आणि आपण त्याला सरावाचा अभाव म्हणता. मासा ओढतो तेव्हा हात थांबवायचा. मासा थांबला की रॉड उचलायचा, आणि रॉड खाली आणताना हँडल फिरवायचे. फेकल्यावर बेलची (स्पूलवर दोरी धरणाऱ्या कमानीची) तार हँडलने न पाडता हाताने मिटायची आणि दोरी एकदा ताणून घ्यायची, हेही पत्रकात नाही.

पिळात भर घालणारी आणखी एक वस्तू म्हणजे बेलवरचा छोटा रोलर. ताणलेली दोरी त्यावरून ओढली तर तो फिरत नाही. ‘९+१ बेअरिंग’ असे स्टिकर लावण्यापेक्षा त्या एका रोलरकडे लक्ष दिले असते तर बरे झाले असते.

पत्रकात ‘मीडियम म्हणजे अर्ध्यापर्यंत वाकणारा’ असेही आहे. मीडियम ही रॉडची ताकद. तो कुठून वाकतो ती त्याची अॅक्शन. हा रॉड वरच्या तिसऱ्या हिश्शातून वाकतो, म्हणजे फास्ट आहे.

मागण्या अशा :

रॉड बदलून द्यावा; नव्या रॉडच्या कड्या व सांधा पाठवण्याआधी तपासावा. रील २५०० साइजचे, फिरणाऱ्या रोलरचे द्यावे. ८ पौंडांची दोरी ताण देऊन, काठाखाली २ ते ३ मिलिमीटरपर्यंत भरावी, ड्रॅग सैल करून पाठवावा. पत्रकातील दोन्ही सूचना दुरुस्त होईपर्यंत ते पत्रक कोणत्याही खोक्यात घालू नये. उत्तर १५ दिवसांत लेखी द्यावे. “सराव करा” हे उत्तर धरले जाणार नाही.

संच परत हवा असल्यास नेण्याची व्यवस्था आपण करावी. त्यासाठी कडक नळकांडे पाठवा, मूळ खोक्यात रॉडच्या टोकाला कसलाच आधार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, स्पूल, पहिली कडी, टोकाची कडी व सांधा यांची छायाचित्रे, ड्रॅग मोजतानाची चित्रफीत, माहितीपत्रकाची खुणा केलेली प्रत