जुन्या निकालाची नक्कल मिळवताना

संपादक महोदय,

कोकणात सामायिक कलमबागांचे आणि घरवाटपाचे दावे दोन-दोन पिढ्या चालतात. निकालाची प्रत मात्र घरात सापडत नाही, आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्याला ती चार दिवसांत हवी असते. ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दाव्याची स्थिती कळते, पण तिथून उतरवलेला आदेश प्रमाणित नक्कल ठरत नाही. त्यासाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात दावा क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावे आणि हवा असलेला कागद नमूद करून कोर्ट फी स्टॅम्पसह अर्ज द्यावा लागतो. त्रयस्थाला कारणही द्यावे लागते. माहिती अधिकाराचा मार्ग इथे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे (तरी गावोगावी सल्ला तोच मिळतो!).

खरी अडचण दावा क्रमांकच ठाऊक नसल्यास येते. सातबाऱ्यावरील बदल न्यायालयाच्या हुकुमाने झाला असेल, तर फेरफार नोंदीत तो क्रमांक बहुधा मिळतो, म्हणून आधी तलाठ्याकडे जावे. तालुका न्यायालयांतील जुन्या नोंदवह्यांची पक्षकारनिहाय सूची संगणकावर आणावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, मालवण