सूचना: रविवारची बैठक आणि गोळ्यांची वही

पालकहो,
रविवारी सकाळी १०.३० वाजता नौपाड्यात, नेहमीच्या जागी भेटू. मुलाची वही आणा: गोळीची वेळ, झोप, भूक, वजन.

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) मिथाइलफेनिडेट ही गोळी चालू असेल तर भूक मंदावू शकते. माझ्या लेकीचा डबा तसाच परत यायचा, पोळी कडक झालेली. वहीत ते दिसलं, म्हणून डॉक्टरांनी गोळी नाश्त्यानंतर द्यायला सांगितली. वजन-उंची नियमित मोजाच.

कळकळीची विनंती: नातेवाईक काहीही म्हणोत, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका. निदानाबद्दल शंका असेल तर दुसऱ्या बालमनोविकारतज्ज्ञाचं मत जरूर घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही.

रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे: १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात.