माशेलच्या माडीच्या फळ्या

डिचोली,
दिवाळीच्या तोंडावर

प्रिय विनू,

तू पाठवलेले पुण्याच्या दुकानातल्या फळ्यांचे फोटो पाहिले. दिसायला झकास आहेत, पण तुझ्या आजोळच्या माडीवरची जुन्या फळ्यांची जमीन काढून त्या घालू नकोस. परवा मेस्ताला, म्हणजे आपल्या सुताराला, घेऊन माशेलला जाऊन आलो. सगळं ठोकून बघितल्यावर तो एवढंच म्हणाला, "फळयो बऱ्यो आसात, पात्रांव." (फळ्या चांगल्या आहेत, मालक.)

साग आहे, सव्वा इंच जाड. पॉलिश केव्हाच उडालंय, दोन जागी पत्रा ठोकलाय, वाळवीही लागलीय. पण ती कडेच्या पांढुरक्या लाकडाला. गाभ्याला तिनं तोंड लावलेलं नाही. दुखणं आहे ते खाली, पश्चिमेच्या भिंतीत शिरलेल्या तुळयांच्या टोकांत. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर बोटभर आत गेला! त्या जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कुणी केला ते तुला ठाऊक आहे, मी नाव घेत नाही. चुना ओल घेतो तशी सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. कौलांतून उतरलेलं पाणी भिंतीत अडकतं आणि तुळई पीत बसते. हे तसंच ठेवून वर कितीही महाग लाकूड घातलंस तरी चार पावसाळ्यांत तेही गेलंच समज.

दुकानदार म्हणतो त्यात खोटं नाही. प्लायवर सागाचा थर चिकटवलेली फळी कमी फुगते, आणि तुझ्या फ्लॅटमध्ये मी तीच घातली असती. पण वरचा थर तीन-चार मिलिमीटरचा. एकदोनदा घासला की संपला. तुझ्या फळ्यांवर नातवंडंसुद्धा रंधा मारतील.

आता फुगण्याचं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सहा इंची सागाची फळी आपल्याकडच्या पावसात दीडेक मिलिमीटर वाढू शकते. बारा फुटांच्या खोलीत अशा चोवीस फळ्या, म्हणजे साडेतीन सेंटीमीटर! भिंतीला घट्ट भिडवल्यास तर जमीन मधेच उचलली जाणार. म्हणून कडेनं अर्धा इंच फट सोडायची, वर पट्टी मारायची. हिवाळ्यात फळ्यांमध्ये फटी दिसतील, त्या बुजवायच्या नाहीत, उरलेलं फुगणं त्यांतच मावतं. आणि खालून जिप्समचं छत लावायचा वहिनींचा बेत कृपा करून मोड. फळीला दोन्ही बाजूंनी वारा हवा.

बदलायच्या फळ्या थोड्याच आहेत. त्यासाठी मोडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्या वखारीतून जुना साग घेऊ. भट्टीत आठ-दहा टक्क्यांपर्यंत सुकवलेला नवा माल एसीच्या खोलीसाठी ठीक, इथे तो पाणी पिऊन फुगेल. आणलेल्या फळ्या मधे पट्ट्या घालून काही आठवडे माडीवरच पडू देत. नवा तुकडा रंगवून जुन्यात लपवायचा हट्ट धरू नकोस. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही बदललेला भाग एकूणात शोभावा, पण ओळखू यावा, असंच म्हटलंय. मला ते पटतं. तुझ्या आर्किटेक्टला बहुधा पटणार नाही.

वर जवसाचं तेल, प्लास्टिकसारखं चकाकणारं काही नको. मात्र तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नकोस. ते आपोआप पेट घेतात, खरंच सांगतो. पसरून वाळवायचे.

तर क्रम असा: आधी कौलं, मग गिलावा खरवडून चुना, मग तुळयांची टोकं, आणि फळ्या सर्वांत शेवटी. मेस्त तुळशीच्या लग्नानंतर मोकळा आहे, पण कौलांना माणसं आत्ताच सांगावी लागतील. सांगू का ते फोनवर कळव. इकडे पोरांचं नरकासुराचे पुतळे बनवणं चाललंय, रात्री उशिरापर्यंत जागाच असतो.

वहिनींना नमस्कार (छताचं मी सांगितलं म्हणू नकोस).

तुझा,
दिगंबर