ज्यांची नावं विचारायची राहिली, त्यांचे आभार

राखीव जंगलात मुलांना घेऊन जाताना धास्ती एकच असते: प्राणी दिसलाच नाही तर? तो दिसला नाहीच. तरीही मुलं परतायला तयार नव्हती, याचं श्रेय तिथल्या वाटाड्या दादांना आणि दोन स्वयंसेवक ताईंना.

दादांनी ओढ्याकाठच्या ओल्या मातीत मुलांना उकिडवं बसवलं आणि ठसे वाचायला लावले. कुत्रा, कोल्हा यांच्या पंजापुढे नखांच्या खुणा उमटतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात त्या सहसा नसतात. एवढं कळल्यावर धाकटीनं प्रत्येक खड्ड्याची चौकशी केली. (त्यातले बरेच आमच्याच बुटांचे होते.)

ताईंनी कागदाच्या मधोमध फुली काढायला सांगितली. फुली म्हणजे आपण. डोळे मिटायचे आणि ज्या दिशेनं आवाज येईल तिथे खूण करायची. घरात क्षणभर न टिकणारी ही पोरं चक्क गप्प बसली! पुढे कुजक्या ओंडक्याखाली भिंगातून पाय मोजणं: 6 असतील तर कीटक, 8 असतील तर कोळी किंवा त्याचा भाऊबंद. ओंडका ताईच उचलत, स्वतःच्या बाजूला कलता करून, म्हणजे आतल्या जिवाला पलीकडे पळायला वाट राहते. नंतर तो होता तसाच परत ठेवत.

आणि आपली दुर्बीण बिनधास्त मुलांच्या हाती देणाऱ्या त्या आजोबांचेही मनापासून आभार. काचेवरचे बोटांचे ठसे आमचेच, आजोबा.