खलनायकाला दुःखी भूतकाळ पुरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुतेक मुलांचे व्यसन आणि पडद्यावरची हिंसा यांपुरतेच असते. या खेळांतून सांगितल्या जाणाऱ्या कथांकडे, आणि विशेषतः त्यांतल्या धड काळ्या नाहीत आणि धड पांढऱ्याही नाहीत अशा खलनायकांकडे, फारसे कोणी पाहत नाही.

खलनायकाला अखेरच्या प्रसंगात एखादे करुण बालपण चिकटवले की तो सखोल झाला, अशी अनेक गेमलेखकांची समजूत दिसते. मला ती पळवाट वाटते. याउलट पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१५ मध्ये आणलेल्या ‘द विचर ३’मधला ब्लडी बॅरन पाहावा. नायकाच्या मानसकन्येला आसरा देणारा, स्वतःच्या परागंदा बायको-मुलीसाठी कासावीस झालेला हा माणूस सुरुवातीला आवडूच लागतो; मग तो दारूच्या नशेत बायकोला मारत असे आणि त्यातच तिचा गर्भ गेला, हे तुकड्यातुकड्यांनी बाहेर येते. नाव न ठेवता घाईने पुरलेल्या त्या अर्भकाचे पिशाच्च झालेले असते, आणि खेळणाऱ्याने तलवारीऐवजी शापमुक्तीचा मार्ग निवडला, तर बापाला ते दोन्ही हातांत उचलून घराच्या उंबरठ्यापर्यंत न्यावे लागते, त्याला नाव द्यावे लागते. इथे त्याचे दुःख खरे ठरते, पण त्याचा गुन्हा तिळभरही कमी होत नाही. पुढे झाडात कोंडलेल्या एका आत्म्याला सोडले तर काही अनाथ मुले वाचतात, मात्र बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारले तर वेडी झालेली बायको जिवंत राहते, तो तिला उपचारांसाठी घेऊन जातो, पण मुले परत येत नाहीत. निर्णय घेताना बॅरन आणि त्याच्या बायकोचे पुढे काय होणार हे खेळणाऱ्याला ठाऊक नसते, त्यामुळे बॅरनचा न्याय करू पाहणाऱ्याचे हातही स्वच्छ राहत नाहीत.

‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ने (२०२०) तर पहिल्या भागाचा लाडका नायक जोएल याला ठार मारणाऱ्या अ‍ॅबीचीच सूत्रे मध्यावर खेळणाऱ्याच्या हाती दिली. तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना त्यापायी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, हे लाजिरवाणेच.

आपल्याकडेही पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा देखणा गेम केला. त्यातला महाबलासुर मात्र मला निव्वळ मारायचा शत्रू वाटला. ज्या घरांत दिवाळीत ‘इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणत असुर राजाचीच वाट पाहिली जाते, तिथल्या लेखकांना याहून पुष्कळ काही सुचू शकेल. आपल्या रविवार पुरवणीत चित्रपटांच्या शेजारी गेमच्या कथेचेही परीक्षण नियमित यावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे