स्कूबा डायव्हिंगच्या बुकिंगबाबत तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
कर्वे रस्ता शाखा, पुणे

विषय: आरोग्याची प्रश्नावली न देता स्कूबाचे पैसे घेणे, डाइव्हच्याच दिवशी परतीचे विमान ठेवणे आणि परतावा नाकारणे.

महोदय,

आपल्या शाखेतून आम्ही अंदमानची सहल घेतली होती. त्यात हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, निमो रीफला नवशिक्यांसाठी असलेले स्कूबा डायव्हिंग मी आणि पत्नीने वेगळे पैसे भरून घेतले. बुकिंग करताना पत्नीने आपल्या प्रतिनिधीला स्पष्ट विचारले होते, "मला दमा आहे, पंप घेते. चालेल ना?" उत्तर आले, "मॅडम, पोहता येत नसलं तरी चालतं. साठीतले लोकही करून येतात." विचारले दम्याचे, सांगितले पोहण्याचे. पैसे मात्र तिथल्या तिथे भरून घेतले.

आरोग्याची प्रश्नावली आमच्या हातात पहिल्यांदा पडली ती थेट डाइव्ह सेंटरवर. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाचे आजार असे बरेच प्रश्न. एकालाही 'हो' आले की डॉक्टरांचे पत्र लागते. पत्र नव्हते, म्हणून पत्नीला पाण्यात उतरू दिले नाही. यात इन्स्ट्रक्टरची काही चूक नाही, त्याने योग्यच केले. 10 मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते, आणि आकसलेल्या श्वासनलिकांमागे ती अडकली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. त्याने हे उभ्याउभ्या समजावून सांगितले. आपल्या एसी ऑफिसात, चहा पाजून, स्लाइड दाखवून झाल्यावरही हे कुणाला सांगावेसे वाटले नाही.

पत्नीच्या छातीच्या डॉक्टरांचा दवाखाना पौड रस्त्यावर आहे, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा. हाच फॉर्म पुण्यात मिळाला असता तर तिने तपासणी करून घेतली असती. डॉक्टर 'नको' म्हणाले असते तर काचेच्या तळाच्या बोटीचे तिकीट काढून मोकळे झालो असतो. बेटावर आयत्या वेळी तिने छातीचा डॉक्टर कुठून आणायचा?

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळी 7 वाजता डाइव्ह, मग बोटीने पोर्ट ब्लेअर आणि दुपारी 3 वाजता पुण्याकडे परतीचे विमान, हे सगळे एकाच दिवशी होते. आदल्या दिवशी वेळ विचारायला सेंटरवर गेलो, तर इन्स्ट्रक्टरचा पहिला प्रश्न, "परतीचं विमान कधी आहे?" एका डाइव्हनंतरही विमानात बसण्यापूर्वी किमान 12 तास जाऊ द्यावेत, एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर 18, असा सर्वसाधारण संकेत आहे. खाली अंगात मुरलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर पडू शकतो. मी आपल्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर फोन केला. पलीकडून ऐकायला मिळाले, "काही होत नाही सर, सगळे असंच करतात." सगळे असेच करत असतील तर ती आणखी काळजीची गोष्ट आहे.

सेंटरने माणुसकी दाखवून माझा डाइव्ह त्याच, म्हणजे विमानाच्या आदल्या दिवशी घेतला. कमरेएवढ्या पाण्यात उभे करून मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढायला, तोंडातून सुटलेले रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचे साधन, पुन्हा लावायला आणि नाक दाबून कान मोकळे करायला त्यांनी शांतपणे शिकवले. खाली गेल्यावर कान जरा दडले की हाताने खूण करायची. इन्स्ट्रक्टर लगेच थोडे वर घ्यायचा. सी-ॲनिमोनी या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवाच्या झुबक्यातून डोकावणारे नारिंगी मासे मी हातभर अंतरावरून पाहिले. ते पाहायला पत्नी आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रात उतरणार होती. ती किनाऱ्यावर चपला सांभाळत बसली होती.

परतावा मागितल्यावर आपल्याकडून मेल आली: "ग्राहकाच्या वैयक्तिक कारणामुळे आयत्या वेळी रद्द, परतावा देय नाही." दमा वैयक्तिक आहे हे खरे, पण तो बुकिंगच्या टेबलावरच सांगितला होता. रद्दही आम्ही केले नाही.

तरी पत्नीच्या डाइव्हची पूर्ण रक्कम परत करावी. स्कूबा घेणाऱ्या प्रत्येकाला ही प्रश्नावली पैसे घेण्यापूर्वी द्यावी. परतीच्या विमानाच्या दिवशी डाइव्ह ठेवणे ताबडतोब बंद करावे. ज्यांचे बुकिंग आधीच झाले आहे, त्यांनाही कळवावे. याचे लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी माहिती या दोन्ही मुद्द्यांवर तक्रार दाखल करेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे मला फार लांब जावे लागणार नाही.

आपला,
सहलीचा ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत: बुकिंगची पावती, कार्यक्रमपत्रिका, आपल्या मेलची प्रत, डाइव्ह सेंटरने परत दिलेली पत्नीची प्रश्नावली.