एलईडी बार लावा, पण तो डिपरबरोबर विझलाच पाहिजे

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की ठोसेघर-चाळकेवाडीकडे आणि यवतेश्वर घाटातून कासकडे थार, जिम्नी, गुरखा, बोलेरोंची रांग लागते आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या टपावर नाहीतर बंपरवर एलईडी बार, म्हणजे एलईडी दिव्यांची लांब पट्टी, असतो. त्याबद्दल दोन तक्रारी कायम कानावर येतात, एक म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दुसरी म्हणजे असल्या लाइटमुळे गाड्या पेटतात. मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. फक्त सगळा दोष त्या बारवर ढकलून लोक मोकळे होतात ते मला पटत नाही, कारण दोन्हीचं मूळ तो बार जोडला कसा यात आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

मध्यंतरी पाटणकडची एक गाडी आली होती, बार मधूनच मिचमिचतोय म्हणून. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या प्लसच्या नटाखाली लाल वायर नुसता पीळ देऊन दाबलेली, टोकाला धातूची थिंबल नाही, फ्यूज नाही, तिथून ती इंजिनच्या कडेने डॅशबोर्डमागच्या पत्र्याला ड्रिल मारून आत नेलेली आणि त्या भोकाला साधं रबरी ग्रोमेट (कडी) पण नाही. पत्र्याच्या धारेने वायरीचं कव्हर खाल्लं होतं, आतलं कॉपर उघडं पडून पावसाच्या पाण्याने हिरवट झालं होतं, टेपपट्टी इंजिनच्या गरमीने पाघळून हाताला चिकटत होती. ही वायर पत्र्याला नीट टेकली असती तर बॅटरीचा सगळा करंट तिच्यातून बॉडीत गेला असता, मध्ये तोडायला काहीच नाही, म्हणजे वायर लालभडक होणार आणि शेजारचं कंपनीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) घेऊन पेटणार. मालकाने बार चांगला महागातला घेतला होता, फिटिंग मात्र जिथे अर्ध्या तासात आणि स्वस्तात होतं तिथे करून घेतलं.

हिशोब अवघड नाही. १२० वॉटचा बार १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतो. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या बटणातून आणि पाऊण एमएमच्या वायरीतून फिरवला की बटण वितळतं, म्हणून मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लागतो. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीचा प्लस, ८७ वरून बार, ८५ ला अर्थ (बॉडीचा मायनस) आणि ८६ ला बटणाकडून येणारी वायर, बटणातून मग जेमतेम दीड-दोनशे मिलीअँपिअर जातो. बारची वायर अडीच एमएमची घ्या, कारण बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि एलईडीच्या आतलं ड्रायव्हर सर्किट तेवढेच वॉट मिळवायला अजून अँपिअर ओढतं, वायर अजून तापते. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत पाहिजे. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, त्यामुळे तो बारजवळ लावून काही उपयोग नाही, बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर उघडीच राहते. एका बारला निळा १५ अँपिअरचा बसतो. तो उडाला म्हणून हिरवा ३० चा ठोकणारे किंवा तार गुंडाळून देणारे लोक आहेत, त्यांनी ते काम करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते. बहुतेक ठिकाणी बटणाचा प्लस थेट बॅटरीवरून किंवा चावीच्या लाइनवरून घेतात, म्हणजे बार हेडलाइटपासून पूर्ण वेगळा चालतो. घाटात वळणावर समोर एसटी आली की ड्रायव्हर सवयीने डिपर मारतो, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली घेतो, पण बार तसाच जळत राहतो, तो बंद करायला डॅशबोर्डवर बटण शोधावं लागतं आणि तेवढ्यात एसटी शेजारी आलेली असते. त्याऐवजी बटणाचा प्लस अप्परच्या, म्हणजे हेडलाइटच्या लांब झोताच्या, वायरीवरून घ्या. मग अप्पर चालू आणि बटण पण चालू असेल तरच बार लागतो आणि डिपर मारला की अप्परबरोबर बारही जागच्या जागी विझतो, ड्रायव्हरला वेगळं काही लक्षात ठेवायला लागत नाही. खर्च काय तर थोडी जास्त वायर आणि फिटरची दहा-पंधरा मिनिटं. मला तर वाटतं साताऱ्यात कोणी दुसऱ्या पद्धतीने बार जोडूच नये, गिऱ्हाईकाने मागितलं तरी.

डांबरी रस्त्यावर बार बंदच पाहिजे आणि त्यावर कव्हर पाहिजे, हे मी प्रत्येकाला सांगतो. तो जंगलातल्या, माळावरच्या, चिखलाच्या वाटेसाठी आहे. नियमही तसाच आहे, पुढच्या लाइटचा झोत असा खाली वळलेला पाहिजे की ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणार नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण माणूस माळावरून खाली उतरतो तेव्हा दमलेला असतो, बार चालू राहिलाय हे त्याच्या लक्षात येत नाही, त्या वेळेला हे वायरिंग कामाला येतं. आपल्याकडे कारखाने चालू झाले की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे धड रिफ्लेक्टर नसतो. डोळे दिपलेल्या मोटरसायकलवाल्याला पुढची ट्रॉली दिसतच नाही, आणि बारवाला तोपर्यंत निघून गेलेला असतो, त्याला मागे काय झालं ते कळतही नाही.

नवीन गाड्यांबद्दल सांगायलाच पाहिजे. यात हेडलाइट बीसीएम नावाचा कंप्युटर चालवतो आणि कुठल्या वायरीतून किती करंट जातोय यावर त्याची नजर असते, काही गाड्यांत तो करंट सलग न देता तुकड्या-तुकड्याने देतो. तिथे जुन्या सवयीने वायर सोलून रिले जोडला की डॅशबोर्डवर एरर येते किंवा रिले कटकट करत बसतो. अशा गाडीला आधी मीटर लावून सिग्नल बघा, सर्किट डायग्राम मिळवा, गरज असेल तर त्या गाडीसाठीचं तयार मॉड्यूल घ्या. हल्ली मोबाइलवर चालणारे सहा-आठ बटणांचे स्विच पॅनल मिळतात, रिले-फ्यूजचं काम एकाच डब्यात, बॅटरी उतरायला लागली की लाइट आपोआप बंद करणारे पण आहेत. चांगली वस्तू आहे, पण डब्याला बॅटरीवरून जाणाऱ्या जाड वायरीला वेगळा मोठा फ्यूज लागतो, ते बरेच जण विसरतात. ज्या गाडीत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर आहे तिथे अर्थ त्या टर्मिनलवर न घेता बॉडीवर कंपनीने दिलेल्या बोल्टला घ्या, रंग खरवडून.

धुक्याचं तर सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं. चाळकेवाडीच्या पठारावर जुलैत पवनचक्कीचा खांबसुद्धा दिसत नाही, तिथे टपावरचा पांढरा बार लावला की सगळा उजेड धुक्यावर आपटून स्वतःच्याच डोळ्यात येतो. तिथे बंपरच्या खालच्या बाजूला लावलेले, रुंद आणि खाली पडणाऱ्या झोताचे फॉगलॅम्प लागतात, त्यांना अप्परशी न जोडता डिपरशी जोडायचं. दोन्ही एकाच बटणावर घेणं चूकच.

तुमच्याकडे दोन विनंत्या आहेत. एक म्हणजे आपल्या आयटीआयमध्ये गाड्यांच्या वायरिंगवाल्यांसाठी रविवारी का होईना छोटा वर्ग सुरू व्हावा म्हणून तुम्ही आवाज उठवा, गावोगावची पोरं बघून-बघून शिकलेली आहेत, हात चांगला आहे पण फ्यूज का आणि कुठे हे कोणी समजावून सांगितलेलं नाही. दुसरी म्हणजे रिले, फ्यूज आणि अप्परच्या या जोडणीची साधी आकृती मी काढून देतो, ती दुकानाच्या भिंतीवर चिकटवता येईल एवढी मोठी छापा.

आपला,
एक वाचक, सातारा